कागदपत्रे फुटली, लोक चिडले. पुढे त्या संतापाचे काय होते?

ओंजळ

एप्रिल २०१६ च्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट आहे. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. मुदतठेवीच्या व्याजातून कर कापला जाऊ नये म्हणून ते दर एप्रिलमध्ये बँकेत जाऊन १५एच फॉर्म भरून देतात. आदल्या वर्षी त्यांचा फॉर्म बँकेत गहाळ झाला, कर कापला गेला आणि उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असूनही ते दोन-अडीच हजार रुपये परत मिळवण्यासाठी त्यांना विवरणपत्र भरावे लागले. म्हणून त्या वर्षी मी सोबत गेले होते. वडिलांनी फॉर्मच्या दोन प्रती काढल्या होत्या आणि एका प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून घेतल्याशिवाय ते खिडकीपासून हलले नाहीत. बाकावर कोणीतरी ठेवून गेलेल्या वर्तमानपत्रात ‘पनामा पेपर्स’ची बातमी होती. वडिलांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि मला विचारले, “यांचे फॉर्म कोण तपासतं?” मला उत्तर देता आले नाही.

त्या प्रकरणाचा पसारा बहुतेकांना आठवत असेल. श्रीमंतांना परदेशात कागदी कंपन्या काढून देणाऱ्या, पनामातील मोसॅक फॉन्सेका या कायदेविषयक कंपनीची १ कोटी १५ लाख कागदपत्रे एका अज्ञात व्यक्तीने जर्मनीतल्या एका वृत्तपत्राकडे पोहोचवली, शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या मदतीने कित्येक देशांतील पत्रकारांनी ती सुमारे वर्षभर गुप्तपणे तपासली आणि ३ एप्रिल २०१६ रोजी सगळीकडे एकदम बातम्या प्रसिद्ध झाल्या. त्यात २ लाख १४ हजारांहून अधिक कंपन्या आणि न्यासांची (ट्रस्टची) नोंद होती, आणि त्यांत भारताशी संबंधित सुमारे ५०० नावे होती. पुढे २०१७ मध्ये ‘पॅराडाइज’ आणि २०२१ मध्ये ‘पँडोरा’ अशी आणखी दोन मोठी दप्तरे उघड झाली.

माझा प्रश्न कराच्या रकमेबद्दल नसून लोकांबद्दल आहे. त्याच कागदपत्रांमुळे आइसलँडच्या पंतप्रधानांना दोन दिवसांत पायउतार व्हावे लागले, लंडनमध्ये मोर्चा निघाला तरी तिथले पंतप्रधान पदावर राहिले, आणि आपल्याकडे चार दिवस चर्चा होऊन सगळे शांत झाले. आपल्या लोकांना राग आला नाही, असे मला वाटत नाही, कारण बँकेच्या त्या रांगेत मी तो पाहिला आहे. मग काही ठिकाणी त्या रागातून काही घडते आणि काही ठिकाणी तो जिरून जातो, याचे कारण काय असावे? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे किंवा ज्यांना कायद्याची बाजू माहीत आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जमाखर्च

मी सनदी लेखापाल आहे, त्यामुळे कायद्याच्या बाजूने लिहितो.

पहिली अडचण अशी की बातमी वाचणारा माणूस दोन वेगळ्या गोष्टी एकच समजतो, आणि म्हणून पुढे त्याची निराशा होते. उत्पन्न किंवा मालमत्ता लपवून कर बुडवणे ही करचुकवेगिरी झाली आणि तो गुन्हा आहे. कायद्यातल्या तरतुदींची अशी मांडणी करणे की कर लागूच नये, ही करटाळणी झाली आणि ती बऱ्याचदा कायद्याच्या चौकटीत बसते. परदेशात कंपनी असणे हा स्वतःच गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेने २००४ पासून निवासी भारतीयांना दर वर्षी ठरावीक रक्कम परदेशी पाठवण्याची मुभा दिली आहे आणि ती मर्यादा सध्या अडीच लाख डॉलर आहे. त्यामुळे यादीतल्या पाचशे नावांपैकी किती जणांनी गुन्हा केला, हे नुसती यादी पाहून कोणालाच सांगता येत नाही.

तरीही लोकांचा राग अज्ञानातून आलेला आहे, असे मी कधीही म्हणणार नाही. ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर काढलेली कागदी कंपनी म्हणजे काय, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण जमीन गड्याच्या नावावर आणि पीक मालकाच्या घरात हा बेनामी प्रकार त्याने गावात पाहिलेला असतो. इथे गड्याच्या जागी नामधारी संचालक असतात, ते वार्षिक शुल्क घेऊन सांगितलेल्या जागी सह्या करतात आणि खऱ्या मालकाचे नाव दाखल केलेल्या कागदावर कुठेही येत नाही. ज्याला सल्लागाराचे शुल्क परवडते त्यालाच ही सोय मिळते, पगारदाराचा कर मात्र पगार हातात पडण्याआधीच कापला जातो. हे कायदेशीर असेलही, पण न्याय्य नाही, आणि माझ्या व्यवसायातल्या लोकांनी हे स्पष्ट शब्दांत मान्य केले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आता आपल्याकडे काय झाले ते पाहू. बातमी आली त्याच दिवशी केंद्र सरकारने प्रत्यक्ष कर मंडळ, सक्तवसुली संचालनालय, रिझर्व्ह बँक आणि वित्तीय गुप्तवार्ता विभाग यांचा संयुक्त गट नेमला. सरकारने २०२१ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार, पनामा आणि पॅराडाइज प्रकरणांतील भारताशी संबंधित ९३० घटकांच्या बाबतीत १ ऑक्टोबर २०२१ पर्यंत सुमारे २०,३५३ कोटी रुपयांच्या अघोषित जमा रकमा आढळल्या होत्या आणि तोपर्यंत प्रत्यक्ष वसूल झालेला कर सुमारे १५४ कोटी रुपये होता. हे दोन आकडे शेजारी ठेवून लोक संतापतात. पहिला आकडा खात्यांत जमा झालेल्या रकमांचा आहे, कराचा नाही, त्यामुळे त्यांची थेट तुलना योग्य ठरत नाही. पण तीस टक्के कर धरला तरी ती रक्कम सहा हजार कोटींच्या वर जाते, त्यामुळे अंतर मोठेच राहते. परदेशातून पुरावा मागवणे, त्याचे उत्तर येण्याची वाट पाहणे, मग आकारणी, अपील, न्यायाधिकरण, उच्च न्यायालय, असा हा प्रवास आहे, आणि तेवढा काळ कोणाचाही संताप टिकत नाही.

उत्तरवारा

२०१६ मध्ये मी संशोधनासाठी आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, राहत होतो. ४ एप्रिलच्या संध्याकाळी मी तिथल्या संसदेसमोरच्या ऑइस्टुरवोलुर चौकात होतो, त्यामुळे ओंजळ यांच्या प्रश्नाच्या आइसलँडपुरत्या भागावर लिहू शकतो.

आधी पार्श्वभूमी सांगतो, कारण तिच्याशिवाय ती संध्याकाळ समजणार नाही. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका काही दिवसांच्या अंतराने कोसळल्या. लोकांची बचत आणि नोकऱ्या गेल्या, चलन घसरले आणि परकीय चलनाशी निगडित गृहकर्जांचे हप्ते एकाएकी फुगले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये सरकारने भांडवल देशाबाहेर नेण्यावर निर्बंध घातले आणि ते २०१७ पर्यंत टिकले. माझ्या घरमालकीणबाई सांगत की त्या काळात मुलीला डेन्मार्कला शिकायला पाठवताना प्रत्येक रकमेसाठी बँकेला कारण आणि कागद दाखवावे लागत. बुडालेल्या बँकांच्या मालमत्तेतून परदेशी घेणेकऱ्यांना किती द्यायचे यावरून पुढे वर्षानुवर्षे वाटाघाटी चालल्या. सिग्मंडर डेव्हिड गुनलॉगसन हे याच प्रश्नावर कठोर भूमिका घेऊन राजकारणात वर आले आणि २०१३ मध्ये पंतप्रधान झाले.

कागदपत्रांतून बाहेर आले ते असे. ते आणि त्यांच्या पत्नी यांची ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर विंट्रिस नावाची कंपनी होती. २००९ मध्ये ते संसदेवर निवडून आले आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला त्यांनी आपला अर्धा हिस्सा पत्नीला एका डॉलरला विकला. हितसंबंध जाहीर करण्याचे नवे नियम दुसऱ्या दिवसापासून लागू होत होते. त्या कंपनीकडे कोसळलेल्या तिन्ही बँकांचे रोखे होते आणि तिचा बँकांवरचा दावा ५० कोटी क्रोनांहून अधिक होता. म्हणजे ज्या घेणेकऱ्यांशी देशाच्या वतीने सरकार वाटाघाटी करत होते, त्यांतल्याच एका घेणेकऱ्याच्या घरी पंतप्रधान राहत होते आणि देशाला याची कल्पना नव्हती. आपल्याकडे कुंपणाने शेत खाल्ले म्हणतात, तसेच तिथल्या लोकांना वाटले.

त्यांचे म्हणणे होते की पत्नीने सर्व कर भरला आहे, आणि रस्त्यावर उतरलेल्या बहुतेकांचा वाद त्या मुद्द्यावर नव्हताच. हे मला अतिशय महत्त्वाचे वाटते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका परिचारिकेला मी विचारले की नेमका राग कशाचा आहे, तेव्हा ती म्हणाली, “आम्हाला पैसे बाहेर न्यायला बंदी होती आणि यांचे आधीच बाहेर होते, आणि हे त्यांनी आम्हाला सांगितले नाही.” करचुकवेगिरी झाली की करटाळणी, हा जमाखर्च यांनी सांगितलेला भेद इथे लागूच पडत नव्हता. प्रश्न एका माणसाने एका पदावर बसून काय लपवले एवढाच होता, आणि तो कोणालाही एका वाक्यात सांगता येत होता.

दुसरी गोष्ट म्हणजे लोकांनी ते लपवणे डोळ्यांनी पाहिले. ११ मार्चला चित्रित केलेल्या एका मुलाखतीत स्वीडिश पत्रकाराने त्यांना आधी करनंदनवनांबद्दल, म्हणजे जिथे कर नसतो किंवा नाममात्र असतो अशा ठिकाणांबद्दल, सर्वसाधारण प्रश्न विचारले आणि मग परदेशी कंपनीशी तुमचा स्वतःचा संबंध आहे का, असे विचारले. विंट्रिसचे नाव निघताच ते अडखळू लागले, आणि आइसलँडचा एक पत्रकार पुढे होऊन त्यांच्याच भाषेत प्रश्न विचारू लागल्यावर ते उठून निघून गेले. ही मुलाखत ३ एप्रिलला, रविवारी, सरकारी दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत प्रत्येकाने ती पाहिलेली होती आणि कोणाला कंपनीचे नाव किंवा आकडे आठवोत न आठवोत, खुर्चीतून उठणारा माणूस सगळ्यांना आठवत होता.

संध्याकाळी पाच वाजता लोक जमू लागले. संसदेची इमारत काळ्या दगडाची, लहानशी, आपल्याकडच्या एखाद्या जुन्या तालुका कचेरीएवढी. समोर हिरवळ आणि मध्ये तिथल्या स्वातंत्र्यचळवळीचे नेते योन सिगुर्दसन यांचा पुतळा. पोलिसांनी लावलेल्या लोखंडी कठड्यांवर लोक पातेली, झारे आणि काठ्या आपटत होते. बँका कोसळल्यानंतर २००९ च्या जानेवारीत याच चौकात भांडी वाजवून लोकांनी सरकार घालवले होते, त्यामुळे काय करायचे हे कोणाला सांगावे लागत नव्हते. काहींनी आपल्या चक्क्याच्या जातीचा तिथला स्कीर इमारतीवर फेकला, काहींनी केळी फेकली. बाबागाडीत मुले घेऊन आलेले आईबाप होते. आयोजकांनी गर्दीचा आकडा २२ हजार सांगितला, पोलिसांचा अंदाज बराच कमी होता. निम्मे धरले तरी ३ लाख ३० हजारांच्या देशात शंभरातले तीन जण होतात. हेच प्रमाण महाराष्ट्राला लावले तर तीस लाखांहून अधिक माणसे होतील. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान बाजूला झाले.

पण यापुढचेही सांगणे मला भाग आहे, नाहीतर चित्र खोटे ठरेल. तेव्हाचे अर्थमंत्री बिआर्नी बेनेडिक्टसन यांचेही नाव त्याच कागदपत्रांत सेशेल्समधील एका कंपनीच्या संदर्भात आले होते आणि तरीही ऑक्टोबर २०१६ च्या निवडणुकीनंतर, जानेवारी २०१७ मध्ये, तेच पंतप्रधान झाले. गुनलॉगसन यांनी २०१७ मध्ये नवा पक्ष काढला आणि पहिल्याच निवडणुकीत जवळपास ११ टक्के मते मिळवली. कठड्यांवर पातेली आपटणाऱ्यांना एक माणूस हलवता आला, त्या माणसाच्या सोयीची व्यवस्था हलवता आली नाही. मला त्या संध्याकाळचा आजही अभिमान वाटतो, आणि हेही बोचते.

टेम्सकाठ

लंडनचे थोडक्यात लिहितो. तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांच्या दिवंगत वडिलांनी ब्लेअरमोर नावाचा परदेशी गुंतवणूक निधी चालवला होता. सुरुवातीला पंतप्रधानांच्या कार्यालयाने ही खासगी बाब असल्याचे सांगितले, मग रोज थोडे थोडे खुलासे आले, आणि अखेर ७ एप्रिलला त्यांनी मान्य केले की त्यांचे आणि पत्नीचे त्या निधीत हिस्से होते आणि पंतप्रधान होण्यापूर्वी, जानेवारी २०१० मध्ये, त्यांनी ते सुमारे ३१,५०० पौंडांना विकले. दोन दिवसांनी डाउनिंग स्ट्रीटसमोर मोर्चा निघाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या करविवरणाचा गोषवारा प्रसिद्ध केला, आणि विद्यमान पंतप्रधानाने असे करणे इथे नवीन होते. विकलेली रक्कम लहान होती, त्यावरचा नियमाप्रमाणे देय कर भरलेला होता आणि हिस्से पदावर येण्याआधीच विकलेले होते, त्यामुळे उत्तरवारा म्हणतात तसा एका वाक्यात सांगता येणारा आरोप कोणाला सापडला नाही. तीन महिन्यांनी ते गेले ते युरोपविषयीच्या सार्वमतामुळे.

इथे खरा संताप वेगळ्या ठिकाणी आहे, आणि तो घरांबद्दल आहे. ज्या रस्त्यांवर रात्री अर्ध्याहून अधिक खिडक्यांत दिवा नसतो, तिथल्या घरांचे मालक परदेशी कागदी कंपन्या असतात, आणि शेजारच्या भागात शिक्षकांना आणि बसचालकांना राहायला जागा परवडत नाही. पँडोरा कागदपत्रांत माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर आणि त्यांच्या पत्नीने २०१७ मध्ये सुमारे ६४ लाख पौंडांची इमारत थेट विकत न घेता ती जिच्या मालकीची होती ती परदेशी कंपनीच विकत घेतल्याचे आणि त्यामुळे ३ लाख १२ हजार पौंडांचे मुद्रांक शुल्क लागू न झाल्याचे उघड झाले. हे पूर्णपणे कायदेशीर होते. माझ्या पत्नीने आणि मी दोन खोल्यांचे घर घेताना भरलेले मुद्रांक शुल्क जमवायला आम्हाला तीन वर्षे लागली होती, त्यामुळे तो ‘कायदेशीर’ हा शब्द वाचताना मला काय वाटले ते मी सांगायला नको.

ओंजळ

तिघांचेही मनापासून आभार. उत्तरवारा, ‘माणूस हलला, व्यवस्था हलली नाही’ हे वाचून मी बराच वेळ थांबले. मग असे विचारते: जिथे लोक चौकात आले नाहीत पण प्रकरण न्यायालयात गेले, तिथे काही अधिक टिकाऊ झाले का? पाकिस्तानात तर पंतप्रधान न्यायालयाच्या निकालाने गेले.

पिंपळपार

पाकिस्तानचे उदाहरण मी बारकाईने पाहिले आहे आणि ते मला धोक्याचे वाटते. नवाझ शरीफ यांचे स्वतःचे नाव त्या कागदपत्रांत नव्हते. त्यांच्या मुलांची नावे होती आणि प्रश्न लंडनमधल्या अॅव्हनफील्ड इमारतीतील सदनिका कोणाच्या पैशाने घेतल्या हा होता. तपासात एक करारपत्र पुढे आले, त्यावर तारीख फेब्रुवारी २००६ ची होती आणि ते कॅलिब्री या टंकात छापलेले होते. तो टंक सर्वसामान्यांच्या हाती २००७ मध्ये आला. पाकिस्तानातल्या शाळकरी मुलांनाही हा मुद्दा कळला. परंतु २८ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अपात्र ठरवले ते सदनिकांवरून नव्हे. मुलाच्या दुबईतील कंपनीकडून त्यांना मिळू शकणारे, पण त्यांनी न घेतलेले वेतन उमेदवारी अर्जात दाखवले नाही, हे कारण होते. लोकांचा प्रश्न एक आणि न्यायालयाचे उत्तर दुसरेच, असे झाले. २०१८ मध्ये सदनिकांच्या खटल्यात त्यांना शिक्षा झाली आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मधल्या काळात, २०२१ मध्ये, पँडोरा कागदपत्रांत, शरीफ यांच्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या आणि तोवर पंतप्रधान झालेल्या इम्रान खान यांच्याच मंत्रिमंडळातील सदस्यांची नावे आली. लोकांचा संताप एका पक्षाने उचलून दुसऱ्यावर फेकला, की तो लोकांचा राहत नाही.

माल्टाबद्दल मात्र सर्वांनी वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. डाफ्ने कारुआना गालिझिया या पत्रकार महिलेने, पनामा कागदपत्रे जाहीर होण्याआधीच, त्या देशाच्या एका मंत्र्याच्या आणि पंतप्रधानांच्या मुख्य सहायकाच्या पनामातील कंपन्यांबद्दल लिहिले होते. १६ ऑक्टोबर २०१७ रोजी घराजवळ त्यांच्या गाडीत स्फोट घडवून त्यांची हत्या करण्यात आली. २०१६ मध्येही माल्टात निदर्शने झाली होती, पण ती ओसरली आणि मंत्री टिकले. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये हत्येच्या तपासाचे धागे सत्तेच्या दारापर्यंत पोहोचले, तेव्हा राजधानी व्हॅलेटाच्या रस्त्यांवर लोक रोज संध्याकाळी जमू लागले आणि जोसेफ मस्कट यांना पंतप्रधानपद सोडावे लागले. म्हणजे तो राग साडेतीन वर्षे कुठेतरी होता. त्याला वाट मिळाली ती एका बाईच्या जिवाच्या मोलाने, आणि तिच्या बहिणींनी आणि मुलांनी ते प्रकरण एक दिवसही थंड होऊ दिले नाही म्हणून.

जमाखर्च

ओंजळ, तुमच्या वडिलांच्या प्रश्नाला मी पहिल्या प्रतिसादात उत्तर दिले नाही, ते आता देतो, कारण तो या धाग्यावरचा सर्वांत अचूक प्रश्न आहे.

त्यांचा १५एच बँकेच्या खिडकीवरचा कर्मचारी तपासतो आणि त्यांच्या व्याजाची माहिती बँकेकडून आपोआप प्राप्तिकर खात्याकडे जाते. परदेशी मालमत्तेबाबत २०१२ पासून विवरणपत्रात वेगळे परिशिष्ट आहे, पण त्यात काय लिहायचे हे करदात्याच्या हाती असते आणि ते पडताळण्यासाठी खात्याकडे दुसऱ्या देशाची माहिती असावी लागते. २०१६ मध्ये ती जवळजवळ नव्हती. म्हणूनच इतक्या नावांबाबत खात्याला पहिला धागा वर्तमानपत्रातून मिळाला. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात तीस टक्के कर, त्यावर तिप्पट दंड आणि शिक्षेची तरतूद होती. तो कायदा येताना दिलेल्या तीन महिन्यांच्या मुदतीत साडेसहाशेच्या आसपास लोकांनी मिळून चार हजार कोटींहून थोडी अधिक मालमत्ता जाहीर केली होती.

२०१७ पासून भारत इतर देशांशी बँकखात्यांच्या माहितीची आपोआप देवाणघेवाण करतो, आणि स्वित्झर्लंडकडून अशी पहिली माहिती सप्टेंबर २०१९ मध्ये आली. खाते कागदी कंपनीच्या नावावर असेल तर तिच्यामागची खरी व्यक्तीही कळवण्याचे बंधन आहे. हा बदल फुटलेल्या कागदपत्रांमुळे आणि त्यांवर चिडलेल्या लोकांमुळे वेगाने झाला, असे माझे मत आहे, जरी त्याची मूळ आखणी २०१४ ची असली तरी. माझ्याकडे येणाऱ्या अशिलांत मला तो दिसतो. पूर्वी ‘बाहेरचे खाते दाखवायलाच हवे का’ असे विचारणारे आता ‘कुठल्या रकान्यात दाखवायचे’ असे विचारतात.

एक जागा अजून मोकळी आहे, ती तुमच्या वडिलांना जरूर सांगा. ही देवाणघेवाण बँकखाती आणि आर्थिक गुंतवणुकीची आहे, घराची आणि जमिनीची नाही. पैसा खात्यातून काढून दुबईत किंवा लंडनमध्ये घर घेतले, की तो या यादीतून निघून जातो. ब्रिटनने ऑगस्ट २०२२ मध्ये तिथली घरे बाळगणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या खऱ्या मालकांची खुली नोंदवही सुरू केली आणि ती कोणालाही घरबसल्या पाहता येते. मात्र मालक म्हणून एखादा न्यास असेल, तर त्यामागची नावे त्या खुल्या पानावर दिसत नाहीत.